चंद्राकाकीचं तोंड

आमच्या घरात आता कुणी मोठ्यानं बोलत नाही. सुरेश, म्हणजे माझा नवरा, कामावरून आला की हातपाय धुऊन ओटीवर बसतो आणि मागच्या वाडीकडं बघत राहतो. मी शाळेतून येते, भाकऱ्या थापते, ताट वाढलं की "जेवायला या" म्हणते. बरेचदा दिवसभरात आमच्यात तेवढंच एक वाक्य होतं. आई जाऊन दीड वर्ष झालं. आई म्हणजे माझी सासू. गावाला ती चंद्राकाकी. तिच्या बरोबरीच्या बायकासुद्धा तिला काकीच म्हणायच्या.

श्रीवर्धनच्या अलीकडं, समुद्राला लागून आमचं गाव. एकच लांब आळी, दोन्ही बाजूंना घरं आणि घरांमागं नारळ-सुपारीच्या वाड्या. आळीच्या या टोकाला आई बोलली की त्या टोकाला ऐकू जायचं. "चंद्राकाकीच्या तोंडाला लागू नको गं बाई," असं गावात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जाई. मलाही सांगितलं गेलं, आणि मी तर तिच्याच घरात आले होते. मी माणगावजवळच्या एका भातशेतीच्या गावातली, तीन भावांच्या पाठची, खालमानेनं बोलणारी. पहिला महिनाभर मी तिला "अहो आई, हो आई" करत राहिले. एके दिवशी विळीवर नारळ खवता खवता ती थांबली.

"तुझ्या आयेला तू काय बोलतेस गं?"

"आये."

"आणि तिला अहो करतेस?"

"नाही."

"मग मी काय तुझं घोडं मारलंय?"

त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले. माझ्या माहेरी कळलं तेव्हा माझी आये दोन दिवस कपाळाला हात लावून बसली होती.

आई सगळ्यांशी बोलायची. कावळ्यांशी, उशिरा येणाऱ्या एसटीशी, न पेटणाऱ्या गॅसच्या शेगडीशी. वाडीत गेली की एकेका पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, खोडावर थाप मारून तिची विचारपूस करायची. आळीत भांडण लागलं की भांडणारे दोघेही थोड्या वेळानं आमच्या ओटीवर यायचे. ती दोघांनाही आधी यथेच्छ झोडपायची. मग दोघांना चहा द्यायची. "बोललेलं वाऱ्यावर जातं," ती म्हणायची, "न बोललेलं पोटात कुजतं." हे वाक्य तिनं मला कितीतरी वेळा ऐकवलंय.

तिचा नवरा शांताराम नारळ-सुपारी पाडायचं काम करायचा. पोफळीवर चढायचं, शेंड्यावरून झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जायचं, असं करत खाली न उतरता अर्धी वाडी पाडायची. एका दुपारी झोका चुकला. सुरेश तेव्हा दहा वर्षांचा होता. आई दुसऱ्यांच्या पडवीत सुपारी सोलायला जाऊ लागली आणि पुढची वीस-बावीस वर्षं तेच करत राहिली. तिच्या उजव्या अंगठ्याला सुरीचे इतके वण होते की कातडी खवल्यांसारखी दिसायची.

शांताराममामांबद्दल, माझ्या सासऱ्यांबद्दल, ती रडत कधी बोलली नाही. भांडल्यासारखी बोलायची. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी शेजारच्या घरी हळद होती. बायका नाव घ्यायला बसल्या होत्या. एकेक सवाष्ण उखाणा घेत होती, हशा होत होता. विधवा बायका नेहमीप्रमाणं मागं भिंतीला टेकून बसलेल्या, त्यांना कोण नाव घ्यायला सांगणार? आई तिथंच बसली होती. ती एकदम उठली, पदर खोचला आणि पुढं येऊन खणखणीत आवाजात म्हणाली,

"माडाला झावळ्या, सुपारीला साल,
शांतारामचं नाव घेते, बायांनो, तोंडं का झाली लाल?"

मांडवात कुणी हसेना. नवऱ्या मुलीची आजी पुटपुटली, "काकी, शोभतं का हे?" आई म्हणाली, "तो मेला म्हणून त्याचं नाव बदललं काय?" मग भिंतीकडं वळून तिथल्या बायकांना म्हणाली, "उठा गं. तुमच्यापण नवऱ्यांना नावं होती ना?" पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग एक जण उठली. तिनं नाव घेतलं आणि घेता घेता ढसाढसा रडली. पुढं आमच्या आळीत ती पद्धतच पडली. लग्न कुणाचंही असो, शेवटचा उखाणा चंद्राकाकीचा.

मी आज शिक्षिका आहे ती तिच्यामुळं. सायली वर्षाची असताना मला डी.एड.ला प्रवेश मिळाला. कॉलेज माझ्या माहेराकडचं. दोन वर्षं तिकडं राहावं लागणार होतं. सुरेश नको म्हणाला. तो काही वाईट माणूस नाही. पण तान्ही पोर टाकून बायको शिकायला गेली तर लोक काय म्हणतील, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"तुझा बाप गेला तेव्हा कचेरीत कागद करायला गेले होते," ती म्हणाली. "मला सही येत न्हवती. तिथल्या माणसानं माझा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि त्यानंच कागदावर दाबला. मी त्याला बोलले, अरे, माझा अंगठा मला दाबू दे. तर हसला. माझा अंगठा, सुरेश, माझा. दुसऱ्याच्या हातानं उमटला. ही शिकणार. पोरगी माझ्याजवळ ऱ्हाईल."

 मी गेले.

ती दोन वर्षं दर शनिवारी आई सायलीला कडेवर घेऊन एसटीनं माणगावला यायची. दोन तासांचा रस्ता, मध्ये घाट. म्हसळ्याच्या वळणांवर सायलीला उलट्या व्हायच्या. आई सोबत तीन फडकी आणि एक लिंबू घेऊन निघायची. एकदा पोर फार रडत होती तेव्हा शेजारच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "अहो मावशी, एवढ्याशा लेकराला आईपासून तोडून कुठं घेऊन चाललाय?" आई म्हणाली, "आईजवळच नेतेय बाबा. तिची आई शाळा शिकतेय. तुझी बायको शिकलेली हाय काय? न्हायतर दे पत्ता, तिलापण नेते." हे मला तिनं नाही, त्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. पुढं तो कंडक्टर आम्हाला घरच्यासारखा झाला.

सायली बोलायला शिकली ती आईकडूनच. "न्हाय" आणि "व्हय" हेच तिचे पहिले शब्द. मी सुट्टीत घरी आले की ती मला दारातच अडवून विचारायची, "कुठं गेली व्हतीस गं, भवाने?" आई आत पोट धरून हसायची. मला वाईट वाटायचं, हसूही यायचं. पुढं सायली मोठी झाली, कॉलेजला गेली, पनवेलला नोकरीला लागली, तिकडची भाषा बोलायला लागली. पण फोनवर "आजी" म्हटलं की तिचं बोलणं सरळ आमच्या आळीत यायचं. दोघी तासतास भांडायच्या. कशावरून, ते मला कधीच कळलं नाही.

वादळ आलं त्या दिवसाचं सांगते. सकाळपासून वारा वाढत होता. माझ्याकडं शाळेची चावी होती, इमारत पक्की, म्हणून आळीतली तीस-चाळीस माणसं आम्ही शाळेच्या मोठ्या खोलीत आणून बसवली. दुपारी वाऱ्याचा आवाज असा झाला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. कौलं उडत होती, बाहेर काहीतरी कडाकड मोडत होतं. पोरं घाबरून किंचाळायला लागली. आई उठली, खिडकीशी गेली, गजांना धरलं आणि वाऱ्याला शिव्या द्यायला लागली. "ये रं मुडद्या, ये! घरी बायको मारते काय तुला, म्हणून इकडं आलास?" वाऱ्यानं एक दणका दिला की ही दुप्पट जोरानं ओरडायची. थोड्या वेळानं एक पोर हसलं. मग दुसरं. मग सगळी पोरं खिडकीजवळ जाऊन वाऱ्यावर ओरडायला लागली. वादळ संपेपर्यंत, तीन तास, ती बाई न थांबता बोलत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीत गेलो. एकही पोफळ उभी नव्हती. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून पडलेल्या. आई वाडीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली, आणि दोन दिवस ती एक शब्दही बोलली नाही. त्यानंतर रोपं आणली, लावली. सुपारी लागायला सात-आठ वर्षं जातात. मी म्हटलं, "आई, कशाला आता?" ती म्हणाली, "मी काय खायला लावतेय?" पण हे म्हणताना तिचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. माझ्या मते तेव्हापासून तिच्यातलं काहीतरी सरत चाललं होतं. आम्ही तिच्या तोंडाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते.

आई मशेरी लावायची. आमच्याकडच्या जुन्या बायका सगळ्याच लावतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी उठल्याबरोबर ती पूड बोटानं दातांवर घासत बसायचं. भाजताना घरभर असा खाट उठायचा की मी खोकत बाहेर पळायचे. शाळेत मी मुलांना तंबाखूचे तक्ते दाखवायचे आणि घरी येताना बाजारातून तिच्यासाठी पानं आणायचे. ती सांगायची, मी आणायचे. एकदोनदा म्हटलं, "आई, सोड ना हे." ती म्हणाली, "नवरा गेला, वाडी गेली, हीपण सोडू? मग सकाळी उठायचं कशाला?" मी पुन्हा विषय काढला नाही.

सायलीचं लग्न ठरलं. मुलगा अलिबागकडचा, सायलीनंच निवडलेला, घर चांगलं. लग्नाला दोन महिने होते. घरात रंगकाम, पत्रिका, पाहुण्यांची यादी. त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं की आई आमटी खात नाही. भातावर ताक घेते. सुकटीची चटणी म्हणजे तिचा जीव. तिनं ताटातली चटणी बाजूला सारली. विचारलं तर म्हणाली, "दाढ दुखतेय." गालात लवंग धरून बसायची. बोलणं थोडं जड झालं होतं. मग एके सकाळी तिच्या उशीचा अभ्रा धुवायला घेतला तेव्हा त्यावर तांबूस डाग दिसले. एक नाही, चार-पाच. जुने आणि नवे.

मी तो अभ्रा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आ कर," मी म्हटलं.

तिनं तोंड उघडलं नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग उघडलं. जिभेच्या कडेला, आतल्या बाजूला, रुपयाएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, उंच झालेल्या. असले फोटो मी तक्त्यावर पाहिले होते. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"किती दिवस झाले?"

"व्हईल बरं."

"आई, उद्याच्या उद्या मुंबईला जायचं."

"लग्न होऊ दे."

"अगं..."

"ऐक माझं." तिनं माझं मनगट धरलं. "लग्नाला सात आठवडे ऱ्हायलेत. आता दवाखान्याचं नाव काढलंस तर सुरेश सगळं टाकून मला घेऊन पळंल. तिकडची मंडळी लग्न पुढं ढकलतील. आणि पोरगी? ती तर माझ्या उशाशी येऊन बसंल. मला तिचं लग्न बघायचंय. दवाखान्यातनं न्हाय, मांडवात बसून. लग्न होऊ दे, मग ने कुठं न्यायचं तिथं. माझी शपथ हाय तुला."

शपथेनं मी गप्प बसले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. तिनं "लग्न होऊ दे" म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. हॉल ठरला होता, साड्या घ्यायच्या होत्या, माझी रजा मोजून मिळाली होती. मला हेच ऐकायचं होतं. मी तो अभ्रा भिजवला, घासला आणि वाळत घातला.

त्या सात आठवड्यांत आम्ही दोघींनी मिळून ती जखम सगळ्यांपासून लपवली. मी तिचा भात वेगळा मऊ शिजवायचे. कुणी विचारलं तर "दाढ काढायचीय" म्हणायचे. रात्री ती कण्हायची तेव्हा सुरेशला जाग येऊ नये म्हणून मी पंखा वाढवायचे. सायलीचे फोन यायचे तेव्हा आई अर्ध्या मिनिटात म्हणायची, "बोल तुझ्या आईशी, मला कामं हायत." सायली मला विचारायची, "आजी रागावलीय का गं माझ्यावर?" मी म्हणायचे, "छे, गडबडीत आहे."

लग्नात ती नवी जांभळी साडी नेसून मांडवात पहिल्या रांगेत बसली. अक्षता पडल्या तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. नंतर बायकांनी घेरलं. "काकी, शेवटचा उखाणा!" तिनं मान हलवली. घशाकडं बोट दाखवलं. "घसा बसलाय," असं काहीतरी म्हणाली. बायका हसल्या. एवढ्या वर्षांत चंद्राकाकीचा घसा बसलेला कुणी पाहिला नव्हता. "नातीच्या लग्नात नाव न घेऊन कसं चालंल?" एकीनं तिचा हात धरून ओढलं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी मध्ये पडले, "तिची तब्येत बरी नाही, राहू द्या." तिथं उभ्या असलेल्यांपैकी खरं काय ते मला एकटीला माहीत होतं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी आम्ही तिला मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं तोंड तपासलं, मानेवर बोटं फिरवली, तिथंही गाठ लागली. मग विचारलं, "हे कधीपासून आहे?"

प्रश्न माझ्याकडं बघून होता. सुरेश माझ्या शेजारी उभा होता.  आईच बोलली, जड जिभेनं, लाळ पुसत.

"आठ दिस."

"आठ दिवसांत एवढं होत नाही, आजी."

"मग तुझ्या यंत्राला विचार."

डॉक्टर हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आईनं पदराखालून माझा हात घट्ट दाबला. तिचा तो खवल्याखवल्यांचा अंगठा माझ्या तळहातात रुतला. सुरेश बाहेर आल्यावर म्हणाला, "आठ दिवसांपूर्वीच कळलं असतं तर बरं झालं असतं." मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं तर तो मला माफ करणार नाही. सायलीला सांगितलं तर ती स्वतःला माफ करणार नाही. जिला सांगता आलं असतं ती एकच होती.

शस्त्रक्रियेत जिभेचा बराच भाग काढला. मांडीचं मांस काढून तिथं लावलं. नाकातून नळी घातली, दूध, पेज सगळं त्या नळीतून. डॉक्टर म्हणाले, सरावानं थोडंफार बोलता येईल. ते कधी आलं नाही. घशातून एक आवाज निघायचा, वासरासारखा. तो स्वतःच्या कानांनी पहिल्यांदा ऐकल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला, आणि पुन्हा सहसा तो काढला नाही.

दवाखान्यात सगळ्यांना एक पाटी देतात, काय हवं ते लिहायला. नर्सनं तिच्या मांडीवर पाटी ठेवली, हातात पेन्सिल दिली. आईनं पेन्सिलीकडं बघितलं. मग पाटी उचलून माझ्याकडं दिली. मी शिक्षिका. आळीतल्या दोन पिढ्यांना मी अक्षरं शिकवली. तेवीस वर्षं एका घरात राहून या बाईला शिकवायचं मला सुचलं नव्हतं. घरी आल्यावर सायलीनं प्रयत्न केला. "आजी, हा 'प'. पाण्याचा 'प'." तिनं चार दिवस गिरवला. मग एका दुपारी पाटी वाडीत भिरकावून दिली.

आळीतली माणसं सुरुवातीला रोज यायची. ती काही बोलत नाही म्हटल्यावर त्यांनाच बोलावं लागे, आणि लोकांना तिच्यासमोर बोलायची सवय नव्हती. हळूहळू येणं कमी झालं. एकदा समोरच्या दोन घरांत कुंपणावरून भांडण लागलं. आई भिंतीला धरून ओटीच्या कडेपर्यंत गेली. हात वर केला. दोघंही भांडत राहिले, कुणाचं लक्ष गेलं नाही. थोडा वेळ तिनं हात तसाच धरला आणि मग आत येऊन कॉटवर निजली.

सायली रोज फोन करायची. मी फोन आईच्या कानाला लावायचे. सायली बोलायची आणि आई नखानं फोनवर टकटक करायची. एकदा म्हणजे व्हय, दोनदा म्हणजे न्हाय. सायलीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी आईनं इतक्या वेळा टकटक केलं, की सायलीला वाटलं फोन बिघडला.

चार महिन्यांनी गाठ परत आली, मानेत. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं.

एका संध्याकाळी ती मला काहीतरी सांगायला लागली. हातानं बोलावलं, कॉटवर बसवलं. आधी माझ्याकडं बोट केलं, मग स्वतःकडं, मग दाराबाहेर, मग हाताची मूठ उघडून दाखवली. मला कळेना. मी विचारत गेले. पाणी? नाही. सुरेश? नाही. सायली? मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. वाडी? रोपं? कागद? दागिना? कुणाला बोलवायचंय? दुखतंय? तिनं पुन्हा पहिल्यापासून केलं. मी, ती, दार, मूठ. अर्धा तास आम्ही दोघी तसं करत होतो. शेवटी तिच्या घशातून तो आवाज निघाला, तिनं कॉटच्या लोखंडावर हात आपटला, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "आई, उद्या सकाळी परत सांग, मी दमलेय गं." तिनं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. सकाळी मी विचारलं. तिनं हात हलवून ते उडवून लावलं. ते काय होतं मला अजून कळलेलं नाही. मी किती शब्द धरून पाहिले. एकही बसत नाही.

त्यानंतर ती फार दिवस नव्हती. सायलीचं पोर बघायला राहिली नाही. सायलीला मुलगा झाला. तो आता उभा राहतो, एकेक शब्द बोलतो, शहरातल्यासारखा. सायली घरी आली की दोन दिवस राहते आणि जाते. मागं एकदा म्हणाली, "आई, तू मला आजीच्या आवाजाचा एक तरी व्हिडिओ काढून ठेवायला हवा होतास." तिच्याजवळही नाही. आम्हा कुणाजवळच नाही. एवढी बोलणारी बाई, ती कधी बोलायची थांबेल असं कुणाला वाटलं होतं?

ती गेली त्याच्या दोन दिवस आधीची सकाळ. मी तिला उठवून उशीला टेकवून बसवलं. नळीतून द्यायला दूध कोमट केलं होतं. तिनं दुधाला हातानं नको म्हटलं आणि माझ्या चहाच्या कपाकडं बोट केलं. मी तिच्यासाठी चहा केला. आलं घातलं, गवती चहा घातला. नळीतून जाणारं काहीच जिभेला लागत नाही, हे दोघींनाही माहीत होतं, तरी गाळून कपात घेतला आणि पिचकारी भरायला निघाले. तिनं कप माझ्या हातातून काढून घेतला. दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेला, मग थोडा वर, नाकाशी. नळी एका बाजूला सारली. डोळे मिटले आणि वास घेत राहिली. वाफ तिच्या चेहऱ्यावर जात होती. बराच वेळ गेला. माझी शाळेची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "आई, गार होतोय."

तिनं डोळे उघडले नाहीत. एक हात सोडवला आणि तळवा माझ्याकडं करून धरला, थांब. मी पिचकारी हातात घेऊन थांबले.